कागदावरचे म्हातारपण

धानाची कापणी आटोपली की शहापूरच्या माझ्या दवाखान्यात पन्न्यांची गर्दी वाढते. पन्नी म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडची प्लास्टिकची पिशवी. तिच्यात घडी पडलेले एक्स-रे, रक्ताचे अहवाल, मोठ्या रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद आणि औषधांची रिकामी पाकिटे असतात. कामाच्या दिवसांत ज्या दुखण्याकडे पाहायला सवड नव्हती, ते आता कागदांसह समोर येऊन बसते.

गेल्या हंगामानंतर एकाहत्तर वर्षांचे एक शेतकरी अशीच पन्नी घेऊन आले. कमरेचा एमआरआय झालेला होता. मुलाने अहवालातला 'डिजनरेटिव्ह' हा शब्द मोबाइलवर शोधला आणि जो अर्थ सापडला तो वडिलांना सांगितला. "डॉक्टरसाहेब, मणका सडून राहिला म्हणते जी पोरगा. आता बांधीत पाय ठेवू का नाही?" त्यांनी तो ठेवलाच नव्हता. दीड महिना ते खाटेवर पडून होते. मी तपासले तेव्हा कंबर पूर्वीइतकीच दुखत होती. मांड्या मात्र उतरल्या होत्या आणि खुर्चीतून उठताना मुलाच्या खांद्याचा आधार लागत होता. दुखण्याने केले नव्हते तेवढे नुकसान एका शब्दाने केले होते.

वाचकहो, आपल्या किंवा आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या कागदांवर वयाविषयीचे असे अनेक इंग्रजी शब्द असतात. आम्ही डॉक्टर ते एकमेकांसाठी लिहितो. घरी नेऊन वाचता मात्र आपण. म्हणून त्यांतील काही शब्दांचा अर्थ आज लावून पाहू.

'डिजनरेटिव्ह' याला आपल्याकडे साधा शब्द आहे: झीज. त्यात सडणे नाही, किडणे नाही. मणक्यांमधल्या चकत्यांतील पाणी वयाबरोबर कमी होते, त्या थोड्या बसक्या होतात, कडेला हाडाची टोके येतात. २०१५ साली अमेरिकेतील संशोधकांनी जुने ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत ३,११० माणसे होती आणि त्यांच्यापैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत ही झीज दिसली. म्हणजे केस पांढरे होणे जसे, तसेच हे. पांढऱ्या केसांमुळे डोके दुखते असे आपण म्हणत नाही. अहवालात झीज आहे, पण दुखण्याचे कारण तीच आहे की नाही हे माणूस तपासल्यावाचून कळत नाही.

पायातली शक्ती कमी होऊ लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप येतो, वजन उतरते, रात्री पडल्यावरही वेदना थांबत नाही, किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले, तर 'वयोमानाची झीज' या उत्तरावर समाधान मानू नये, त्वरित दाखवावे. आमच्या शेतकरीबुवांना यांतले काहीच नव्हते. त्यांना मी पहिला आठवडा अंगणात आणि मग बांधापर्यंत चालायला लावले. महिन्याभराने ते एकटे आले.

आता 'ओल्ड' हा शब्द घेऊ. मराठीला हा एका शब्दात मावत नाही. माणूस म्हातारा होतो, घर जुने होते. 'जुना माणूस' म्हटले तर तो आपल्या ओळखीतला, कामात मुरलेला. वय चाळीसही असू शकेल. इंग्रजीने मात्र म्हातारा आणि जुना या दोघांना एकच शब्द दिला, आणि घोटाळा तिथे सुरू होतो. छातीच्या एक्स-रेच्या अहवालात 'ओल्ड कॉक्स' असे लिहिलेले असते. रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे १८८२ च्या २४ मार्चला जाहीर केले. क्षय हा शब्द रुग्णासमोर उच्चारायला नको म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांनी त्यांच्या नावाचा आडोसा घेतला. 'ओल्ड कॉक्स' म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण. इथे ओल्ड आहे तो व्रण, आपण नव्हे. तीस वर्षांच्या तरुणाच्या अहवालातही तो शब्द येतो. तसेच हृदयाच्या आलेखावरचे 'ओल्ड एमआय' म्हणजे पूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, आणि मेंदूच्या सीटी स्कॅनमधले 'ओल्ड इन्फार्क्ट' म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटून पूर्वी झालेली इजा.

एक सावधगिरी मात्र हवी. ओल्ड म्हणजे जुने. मिटले असा त्याचा अर्थ नाही. "जुनाच आहे म्हणते, मग गोळी कशाला?" असे म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद केलेले रुग्ण मी पाहिले आहेत. झटका जुना असला तरी ज्या रक्तवाहिन्यांमुळे तो आला त्या आजही छातीतच आहेत. जुन्या क्षयाचा व्रण असलेल्या माणसाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप किंवा वजनातली घट असेल, तर बेडका पुन्हा तपासलाच पाहिजे. आणि असा जुना एक्स-रे फेकून देऊ नका. नवा एक्स-रे त्याच्याशेजारी धरला की डाग पूर्वीचाच आहे की नवा, हे पुष्कळदा लगेच कळते.

'क्रॉनिक' हा ओल्डचा चुलतभाऊ. ग्रीक भाषेत क्रोनोस म्हणजे काळ. पुष्कळांना क्रॉनिक म्हणजे असाध्य किंवा भयंकर असे वाटते. तो शब्द फक्त मुदत सांगतो. मूत्रपिंडाच्या आजाराला क्रॉनिक म्हणायचे ते तो तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला म्हणून. आजार किती गंभीर आहे ते पुढच्या टप्प्याच्या आकड्यावरून कळते, आणि तो आकडा विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

या सगळ्यांत ज्या शब्दाची मला स्वतःला धास्ती वाटते तो 'सेनाईल'. मूळ लॅटिन 'सेनेक्स', म्हणजे वृद्ध. इंग्रजीतले सिनियर आणि सिनेट हे मानाचे शब्द त्याच घराण्यातले. सेनाईलचा अर्थही आरंभी केवळ 'वार्धक्यातला' एवढाच होता. डोळ्यांच्या कागदावर 'सेनाईल कॅटरॅक्ट' लिहितात तेव्हा आजही तोच अर्थ असतो: वयाबरोबर आलेला मोतीबिंदू. मेंदूच्या बाबतीत मात्र त्याला तुच्छतेची छटा चिकटली. आपण मराठीतही काही कमी केलेले नाही. 'साठी बुद्धी नाठी' आणि 'म्हातारचळ' हे शब्द आपलेच आहेत.

या शब्दाने वैद्यकशास्त्रालाही बराच काळ फसवले. १९०६ साली जर्मनीत डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन केले. रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ती ५१ वर्षांची होती. वय कमी म्हणून तो रोग मानला गेला. अशीच विस्मृती सत्तरीत आली की तिला 'सेनाईल' म्हणायचे आणि वयाच्या खात्यावर टाकायचे, अशी रीत पुढे अनेक दशके चालली. १९७६ मध्ये अमेरिकी मेंदूतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही एकच रोग असल्याचे ठामपणे मांडले. त्यानंतर म्हाताऱ्यांच्या विस्मृतीकडे रोग म्हणून पाहणे जोर धरू लागले.

हे सारे मला ठाऊक होते, तरी मी चुकलो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नोकरीतून निवृत्त झालेले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ दिवाळीनंतर माझ्याकडे आले. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. त्यांची सून म्हणाली, "मामाजी विसरभोळे झाले, डॉक्टरसाहेब. दिवसभर झोपून राहतात. चालताना पाय ओढतात." दवाखान्यात चाळीस माणसे बसलेली होती. मी रक्तदाब पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि कागदावर 'सेनाईल' हा शब्द लिहून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. वयोमानाने होते असे, हेही सांगितले.

दहा दिवसांनी सून एकटीच परत आली. तिने सांगितले ते मी आजही विसरलेलो नाही. "पोळ्याच्या दिवशी बैलांची झूल मामाजींनीच शिवली होती. दसऱ्यापर्यंत घरचा सगळा हिशेब त्यांच्याकडे होता. दोन महिन्यांत माणूस एवढा म्हातारा होतो का जी?"

होत नाही. मी तिला विचारले, मधल्या काळात कुठे पडले होते का? दसऱ्याच्या सुमारास अंगणातल्या शेणसड्यावर त्यांचा पाय घसरला होता. डोके ओट्याला लागले होते. रक्त आले नाही म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते. सीटी स्कॅनमध्ये मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये रक्त साचलेले दिसले. नागपूरच्या शल्यचिकित्सकांनी कवटीला छिद्र पाडून ते काढले. आठवडाभरात गृहस्थ नातवंडांना नावाने हाका मारू लागले. डावा पाय थोडा ओढतात, तो आजही तसाच आहे. पहिल्या भेटीत मी "केव्हापासून?" एवढे विचारले असते तर तोही वाचला असता, असे मला वाटत आले आहे.

हे कसे घडते ते समजून घ्यावे. वयाबरोबर मेंदू किंचित आक्रसतो. अहवालात त्याला 'एज रिलेटेड अ‍ॅट्रॉफी' म्हणतात, आणि तो शब्द वाचून घरचे लोक मेंदू सुकला म्हणून रडतात. केवळ या शब्दावरून बुद्धीचे माप काढता येत नाही. तल्लख माणसांच्या स्कॅनमध्येही तो येतो. पण मेंदू आक्रसल्याने त्याच्या पृष्ठभागापासून कवटीखालच्या आवरणापर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ मारानेही एखादी फाटते. रक्त थेंबाथेंबाने साचते, पातळ करणारी गोळी असेल तर अधिक, आणि लक्षणे दिसायला दोन-तीन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर पडल्याची आठवण घरात कोणालाच उरलेली नसते.

म्हणून घरातील वृद्धाच्या वागण्यात बदल दिसला, तर त्याचा वेग पाहा. तास-दोन तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस असंबद्ध बोलू लागला, रात्री भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर तो म्हातारचळ नव्हे. लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातल्या सोडियमची घट, झोपेची, सर्दीची किंवा लघवीवरची एखादी नवी गोळी, अशी कारणे त्यामागे असतात, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. बदल काही आठवड्यांतला असेल तर डोक्याचा मार, थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव आणि नैराश्य यांचा विचार हवा. जोडीदार गेल्यानंतर गप्प झालेल्या आजीला 'आता तिचे वय झाले' म्हणताना आपण कित्येकदा नैराश्याचा उपचार नाकारत असतो. वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाणारी विस्मृती हा डिमेन्शिया असू शकतो. तोही तपासून घ्यायचा, कारण तो पूर्ण बरा झाला नाही तरी औषधे, दिनक्रम आणि घरच्यांची पूर्वतयारी यांनी पुढची वर्षे पुष्कळ सुसह्य होतात.

वृद्धांच्या आजारांना स्वतंत्र शास्त्र हवे, ही जाणीव पश्चिमेकडे तशी उशिराच आली. न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाझ नॅशर यांनी १९०९ मध्ये बालरोगशास्त्राच्या धर्तीवर 'जेरियाट्रिक्स' हा शब्द घडवला. त्यातला ग्रीक 'गेरास' आणि आपली संस्कृत 'जरा' हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने सख्खे नातलग आहेत. वाग्भटाने आयुर्वेदाची जी आठ अंगे मोजली त्यांत जरा हे एक अंग आहेच. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३० च्या दशकात डॉक्टर मार्जरी वॉरन यांच्याकडे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले वृद्ध सोपवण्यात आले. 'म्हातारे' या एका सदरात टाकलेल्या त्या माणसांना त्यांनी एकेक करून तपासले, प्रत्येकाचे निदान केले, उठवून चालवले. त्यांतले बरेचजण घरी गेले.

डोळ्यांच्या बाबतीत मराठीने मोठी शहाणपणाची गोष्ट केली आहे. इंग्रजी वैद्यक जवळचे न दिसण्याला 'प्रेस्बायोपिया' म्हणते, आणि त्यात 'प्रेस्बिस' म्हणजे म्हातारा बसलेला आहे. आपण त्या चष्म्याला चाळिशी म्हणतो. चाळिशी लागली म्हणून कोणी खचत नाही. कानाच्या 'प्रेस्बिक्युसिस'ला मात्र असे सोयीचे नाव मिळाले नाही, म्हणून लोक बहिरेपण लपवतात आणि श्रवणयंत्र कपाटात पडून राहते. ऐकू न आल्याने चुकीचे उत्तर देणाऱ्या आजोबांना घरचे लोक विसरभोळे ठरवतात, तेही मी पाहिले आहे.

'फ्रेल' हा शब्द अलीकडे मोठ्या रुग्णालयांच्या कागदांवर दिसतो. अशक्त, नाजूक असे त्याचे भाषांतर करतात. माझ्या मते आपला 'थकले' हाच शब्द त्याला जवळचा. "बाबूजी यंदा फार थकले" असे आपण म्हणतो त्यात काही तरी नेमके पाहिलेले असते. २००१ साली लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पाच लक्षणे ठरवली: प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा अधिक वजन उतरणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचाल घटणे. यांतली तीन असली तर माणूस फ्रेल. अशा माणसाला साधा ताप किंवा छोटी शस्त्रक्रियाही जड जाते. घरी हे सहज कळते. धोतर किंवा पातळ सैल बसू लागले, नळाची तोटी फिरवायला दोन हात लागू लागले, देवळात जाऊन यायला दुप्पट वेळ लागू लागला, की समजावे. यावर उपाय आहेत. ताटात डाळ, दूध, अंडे, चालत असेल तर वैनगंगेची मासळी वाढवावी. खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव दिवसातून दोनदा करवावा. दात, गिळणे आणि औषधांची यादी तपासून घ्यावी. "वय झाले, आता अर्धी भाकर पुरे" ही आपल्याकडची समजूत थकलेल्या माणसाला अधिक थकवते.

सरकारी कागदांवरचे वय हा निराळाच मामला. २००७ च्या कायद्याप्रमाणे ज्येष्ठ नागरिक साठाव्या वर्षी होतो. एसटीची निम्मी सवलत पासष्टीला आणि मोफत प्रवास पंचाहत्तरीला. त्याला 'अमृत ज्येष्ठ नागरिक' असे गोड नाव आहे. आयुष्मान भारतचे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुले झाले. आधारवरची जन्मतारीख चुकीची असेल तर ती वेळीच दुरुस्त करून घ्या. आमच्या भागात १ जानेवारीला जन्मलेले लोक फार आहेत. अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

शेवटचा कागद मृत्यूचा. घरी वारलेल्या व्यक्तीसाठी आम्ही डॉक्टर नमुना ४-अ भरतो. "म्हातारपणाने गेले असे लिहा ना," अशी विनंती नातलग करतात. आम्हाला शिकवलेले असते की वार्धक्य हे मृत्यूचे कारण म्हणून लिहायचे नाही, आजार लिहायचा. जगभर यावर वाद आहे. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ २०२२ मध्ये ९६ व्या वर्षी वारल्या, तेव्हा दाखल्यावर कारण म्हणून 'ओल्ड एज' हेच शब्द होते. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात 'सेनिलिटी' काढून 'ओल्ड एज' घालायचे ठरवले होते. म्हातारपण हा रोग ठरेल, अशी ओरड अनेक देशांतून झाली आणि शेवटी वयाबरोबर घटणाऱ्या क्षमतेविषयीचा एक लांबलचक शब्दसमूह स्वीकारण्यात आला. मला तो लांबलचक शब्दसमूहच बरा वाटतो. आखूड शब्द लिहायला सोपा असतो, आणि तो सोपा असल्यामुळेच मी त्या दिवाळीत चुकलो.

तेव्हा कागद हातात आला की डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा: हा शब्द माझ्या वयाविषयी आहे की आजाराविषयी? हे केव्हापासूनचे? यातले काय सुधारू शकते? उत्तर मराठीत लिहून मागा. डॉक्टर वैतागले तरी मागा. आणि पन्नीत कागद तारखेच्या क्रमाने ठेवा.

ते निवृत्त गृहस्थ परवा रक्तदाब दाखवायला आले होते. नंतर केलेल्या सीटी स्कॅनचा अहवाल त्यांनी पन्नीतून काढला, चाळिशी चढवली आणि एका ओळीवर बोट ठेवले. "यात ओल्ड लिहिलं आहे जी. ते मी, का कवटीचं भोक?"

भोक, असे मी त्यांना सांगितले.